रोमची भुयारी दफनस्थळे आणि ख्रिस्ती आशा

रोम शहराच्या हद्दीत दफनाला कायद्याने मनाई होती. म्हणून दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून तेथील ख्रिस्ती लोक शहराबाहेर मऊ खडकात खोदलेल्या भुयारांत, म्हणजे कॅटाकोम्बमध्ये, मृतांना पुरू लागले. दफनभूमीला ते ग्रीक भाषेत ‘कोइमेतेरिओन’, म्हणजे झोपण्याची जागा, म्हणत. इंग्रजीतील ‘सेमेटरी’ हा शब्द त्यातूनच आला. झोपलेला माणूस उठतो. पुनरुत्थानाची आशा त्या नावातच होती. भिंतींवर माशाच्या पोटातून सुटलेला योना आणि कबरेतून उठलेला लाजर रंगवलेले दिसतात. हुतात्म्याच्या मृत्युदिनाला तर ‘जन्मदिवस’ म्हणत. मात्र येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लहान मुलांच्या कबरींवर वय कधीकधी वर्षे, महिने आणि दिवसांसह कोरलेले आढळते. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारे आईवडीलच ते दिवस मोजत होते.