लष्करी जीप ते ‘जीपनी’ : मनिलाच्या एका वाहनाची कथा

१/ अमेरिकी लष्कराच्या दप्तरी जीपची नोंद ‘पाव टनी ट्रक’ अशी होती. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी अशा सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बांधल्या. त्यांपैकी फिलिपाईन्समध्ये उरलेल्या गाड्यांनी पुढे एका राजधानीची वाहतूक सावरली.

२/ फेब्रुवारी-मार्च १९४५. जपानी सैन्याकडून मनिला परत घेण्यासाठी महिनाभर घनघोर लढाई झाली. सुमारे १ लाख नागरिक मृत्युमुखी पडले. १९०५ पासून धावणारी विजेची ट्राम उद्ध्वस्त झाली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. लोकांना कामधंद्यावर तर जायचे होते. नेणारे वाहन उरले नव्हते.

३/ दुसरीकडे अमेरिकी तळांवर गाड्यांची रांग लागली होती. त्या जहाजाने मायदेशी नेणे खर्चाचे काम. म्हणून त्यांतील पुष्कळशा तेथेच विकल्या गेल्या किंवा देऊन टाकण्यात आल्या.

४/ स्थानिक कारागिरांनी त्यांचा मागचा भाग कापून लांबवला, वर पत्र्याचे छप्पर चढवले आणि समोरासमोर दोन लांब बाके बसवली. प्रवाशांनी मागून चढावे, भाडे हातोहात चालकापर्यंत पोहोचवावे, अशी रीत रुळली. हीच ‘जीपनी’.

५/ लष्करी गाड्यांचा साठा संपणारच होता. तोवर मात्र कारागिरांच्या हाती कसब आले होते. पूर्वी घोडागाडी हाकणाऱ्या लिओनार्दो साराओ यांनी १९५३ मध्ये मनिलाजवळ लास पिन्यास येथे कारखाना काढला. सांगाडे तेथेच घडू लागले. पुढे जुनी जपानी डिझेल इंजिने त्यांत बसली. युद्धातला एकही सुटा भाग नसलेली गाडीही जीपनीच म्हणवली गेली.

६/ २०१७ मध्ये सरकारने जुन्या जीपनी हटवून कमी धुराची नवी वाहने आणण्याची योजना आखली. नव्या गाडीची किंमत एकट्या चालक-मालकाच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे संप झाले, मुदती लांबल्या.

७/ हवा स्वच्छ व्हावी, ही गरज खरीच. परंतु १९४५ नंतर मोडक्या शहराला चालते ठेवणारी ही व्यवस्था लहान माणसाच्या मालकीवर उभी राहिली होती. गाडी बदलताना ती मालकी टिकणार का, हाच या वादाचा गाभा आहे.