नावातच गुंड

गालगुंड म्हटलं की आधी हसू येतं. गोवर-कांजिण्यांचं नाव आपल्याकडे जरा जपून घेतलं जायचं. गालगुंडाला तो मान कधीच मिळाला नाही. सुजलेले गाल, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेलं फडकं, गालावर उगाळलेल्या रक्तचंदनाचा लेप आणि शेजारच्या पोरांची 'भोपळा आला, भोपळा आला' अशी चेष्टा. चिंचेचं नाव काढलं तरी कानाखाली कळ यायची, कारण सुजते ती लाळेची ग्रंथी, आणि आंबट म्हटलं की तीच आधी कामाला लागते. आठ-दहा दिवस शाळा बुडायची. संपला आजार!

नावातच गुंड असूनही कोणी घाबरत नाही, असा हा आजार. त्याचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं की हे फार जुनं आहे.

इ.स.पूर्व 5व्या शतकात ग्रीसजवळच्या थासोस बेटावर एक साथ आली होती. तिचं वर्णन हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात आहे. कानांजवळ सूज, कुणाला एका बाजूला, कुणाला दोन्ही बाजूंना. बहुतेकांना तापही नाही, माणसं हिंडती-फिरती, आणि सूज पू न होता आपोआप उतरलेली. आखाड्यात जाणाऱ्या तरुणांमध्ये जास्त. आणि त्यातल्या काहींच्या अंडकोषाला वेदना आणि सूज. म्हणजे बघा, हा आजार फक्त गालात राहत नाही हे सुमारे 2400 वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवलं होतं. पुढे 1790 मध्ये रॉबर्ट हॅमिल्टन ह्या डॉक्टरांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, त्यात अंडकोषाबरोबर मेंदूवर होणाऱ्या परिणामांचंही वर्णन होतं. तरीही 'पोरांचं दुखणं' हा शिक्का काही पुसला गेला नाही.

पहिल्या महायुद्धात मात्र सेनापतींना हसता आलं नाही. खेड्यापाड्यांतली तरुण मुलं, ज्यांना लहानपणी गालगुंड झालेलंच नव्हतं, ती बराकींमध्ये दाटीवाटीनं राहू लागली आणि पलटणीच्या पलटणी आजारी पडल्या. मारत नाही, पण झोपवतो!

ह्याचं कारण एक विषाणू आहे हे जॉन्सन आणि गुडपाश्चर ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1934 मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आता त्याची चाल आपल्याला माहीत आहे. लाळेतून आणि शिंकण्या-खोकण्यातून तो पसरतो, अंगात शिरल्यावर दोन-तीन आठवडे गुपचूप बसतो, आणि गाल सुजायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो. शिवाय बऱ्याच जणांना सूज येतच नाही. म्हणजे फडकं बांधून पोराला घरात बसवायचो, तोवर त्यानं वर्गात वाटप करून झालेलं असायचं.

मार्च 1963 मध्ये अमेरिकेत जेरिल लिन नावाची 5 वर्षांची मुलगी रात्री उठून वडिलांकडे आली. घसा दुखत होता, गाल सुजला होता. वडील म्हणजे मॉरिस हिलमन, मर्क कंपनीतले लशींचे संशोधक. त्यांनी तिला परत झोपवलं, गाडी काढून प्रयोगशाळेतून सामान आणलं आणि तिच्या घशातला नमुना घेतला. तो विषाणू कोंबडीच्या गर्भात पुन्हा पुन्हा वाढवून त्यांनी दुबळा केला. 1966 मध्ये चाचणीत ती लस जेरिलच्या धाकट्या बहिणीला टोचली गेली आणि 1967 मध्ये तिला परवाना मिळाला. आजही जगभर टोचल्या जाणाऱ्या 'जेरिल लिन' वाणाच्या लशी त्या एका रात्रीच्या नमुन्यातून आलेल्या आहेत.

हे वाचताना मला माझे मामा आठवले. त्यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झालं, उतरलं, सगळे विसरले. कान गेल्याचं कळलं ते काही वर्षांनी, तेही शाळेत मास्तर हाक मारतात तरी हा बघत नाही म्हणून मार खाल्ल्यावर. गालगुंडानं एका कानाचं बहिरेपण क्वचितच येतं, पण येतं तेव्हा बहुधा कायमचं. आणि दुसरा कान शाबूत असल्यामुळे मुलाला स्वतःलाही ते कळत नाही.

आपल्याकडे 2017 पासून सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस आली, तेव्हा गालगुंडाची लस तिच्यात नव्हती. ह्यानं मृत्यू क्वचित होतात, तेव्हा बाकीचे आजार आधी, असा तो हिशेब. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या मुलांना एमएमआर मिळाली, बाकीच्यांना नाही. 2024 मध्ये केरळात हजारो मुलांना गालगुंड झालं. पैसे आणि माणसं मोजकी असताना आधी मरणं रोखायची, हे मला पटतं. फक्त मृत्यूच्या रकान्यात एक कान कधीच मोजला जात नाही, एवढंच.

असो. घरातल्या लहानांच्या लशींचं कार्ड एकदा काढून बघा, आणि एमएमआर दिसली नाही तर डॉक्टरांना विचारा. आणि घरातले कुणी आजी-आजोबा बोलताना नेहमी एकच बाजू पुढे करत असतील, तर त्यांना लहानपणी गालगुंड झालं होतं का, हेही विचारा. काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा.