तेलरंगाखालचा पंप

गेल्या उन्हाळ्यात नागपुरात, मोमिनपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये जुना पेट्रोल पंप दुरुस्तीला आला होता. कुणा हॉटेलवाल्याला तो दाराशी शोभेला ठेवायचा होता. "सगळं खरडून काढा, नवा दिसला पाहिजे," एवढीच त्याची अट. वर्कशॉपवाले चाचा पुढच्या पत्र्यावर रंग काढायचं रसायन लावून बसले होते. निळा तेलरंग सुरकुतून सुटला आणि खालून चकचकीत पिवळी जमीन आणि लाल अक्षरं वर आली: बर्मा-शेल.

रसायनाने वरचा थर गेला, खालच्याला ओरखडाही नाही. मी विचारलं तर चाचा म्हणाले, "ये रंग नहीं है मियाँ, काँच है."

शब्दशः खरं आहे. एनॅमल म्हणजे काचेची पूड पत्र्यावर पसरून साधारण 800 अंश सेल्सिअसला भट्टीत वितळवलेली. आपल्या मीनाकारीचंच हे कारखान्यातलं भावंड. 'मीना' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. पहिल्या थरात बहुधा कोबाल्ट असतं, म्हणून टवका उडाला की कडेला काळपट निळी रेघ दिसते. (टवके उडालेला कप म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीला आणखी काही आठवतं. काही घरांत मुसलमान आणि दलित पाहुण्यांसाठी तसाच एक कप बाजूला ठेवलेला असे.)

बर्मा-शेल कंपनी 1928 साली उभी राहिली. 1974 मध्ये सरकारने एस्सोचा कारभार हाती घेतला, 24 जानेवारी 1976 रोजी बर्मा-शेलचा. 1977 मध्ये तिचं नाव भारत पेट्रोलियम झालं. नावं बदलली, पण गावोगावच्या पंपांवर भाजलेली अक्षरं कोण काढणार? ब्रश फिरवणं स्वस्त होतं. या पत्र्यावरही कुणीतरी तेच केलं, आणि त्या आळसामुळेच जुनं नाव आज हाती लागलं. आतल्या तबकडीवर तर गॅलनचे आकडे होते. 1956 च्या कायद्यानंतर देशात दशमान मापं टप्प्याटप्प्याने आली, म्हणजे तबकडी त्याआधीची असणार.

मी चाचांना म्हटलं, पुढचा पत्रा राहू द्या. त्यांचं मत आधीच तसं होतं. अडचण गिऱ्हाइकाची होती.

बाजूच्या पत्र्याची गोष्ट वेगळी होती. टवक्यातून पाणी शिरून गंज काचेखाली पसरला होता. तिथे एनॅमल काढण्याशिवाय इलाज नव्हता, आणि ते काढणं हे हातोडीचं काम नाही. ठोकलं की पत्रा वाकतो आणि काचेचे कण डोळ्यांत उडतात. वाळूचा मारा केला तर पातळ पत्रा तापून लहरतो, शिवाय साध्या वाळूची धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस. खाणीतल्या आणि दगडफोडीच्या मजुरांना हा आजार चांगला ठाऊक आहे. चाचांच्या हाताखालचा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून मशीनजवळ उभा राहिला, तेव्हा चाचांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

शेवटी कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात पत्रा बुडवून ठेवायचं ठरलं. तीव्र अल्कली काचेलाही हळूहळू खाते. आधी पितळी आणि ॲल्युमिनियमचे सगळे भाग सोडवले, कारण ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं आणि वर हायड्रोजन सुटतो. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही, हे चाचांनी पोराला तीनदा ऐकवलं. दोन दिवस लागले.

हॉटेलवाला आला, पुढचा पत्रा पाहून जरा गप्प राहिला. मग विचारलं, "हे खरंच जुनं आहे?" चाचांनी उडालेल्या टवक्याची काळी कड त्याला बोटाने दाखवली. तो पत्रा तसाच गेला. बाजूच्याला मात्र नवा रंग दिला आहे, आणि तो पिवळा थोडा वेगळा दिसतो.