सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांना एकमेकांना का भेटू देत नाहीत?

मुलाला मोठा आजार निघाला की आईवडिलांना पहिली ओढ लागते ती आपल्यासारखं दुसरं कुटुंब शोधण्याची. थॅलेसेमिया असो वा मुलांचा मधुमेह, आम्ही डॉक्टर स्वतःहून अशा गाठी घालून देतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मात्र सांगावं लागतं, तुम्ही मोठी माणसं जरूर भेटा, पण मुलांना समोरासमोर आणू नका. ऐकणाऱ्याला हे निष्ठुर वाटतं. हा नियम आला कुठून ते कळलं तर पाळणं थोडं सोपं जाईल, म्हणून हा लेख.

आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन सदोष जनुक आले की हा आजार होतो. घामात मीठ जास्त उतरतं, त्यामुळे बाळाचा पापा घेतला तर खारट लागतो. फुफ्फुसात कफ चिकट होऊन साचतो आणि जंतू तिथे कायमचं बिऱ्हाड करतात. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा बहुतेक मुलं लहानपणीच दगावत. पुढे अँटिबायोटिक्स आली, छाती थोपटून कफ काढण्याची पद्धत रुळली, आणि मुलं शाळेत जाण्याइतकी मोठी होऊ लागली.

मग अमेरिकेत आणि कॅनडात या मुलांसाठी उन्हाळी शिबिरं सुरू झाली. विचार करा, वर्गात खोकला आला की सगळ्यांच्या माना वळतात, अशा मुलाला पहिल्यांदाच एक जागा मिळाली जिथे सगळेच खोकतात, सगळेच जेवताना गोळ्या घेतात. एका तंबूत झोपायचं, सोबत कफ काढायचा. कित्येकांसाठी वर्षातले सर्वांत आनंदाचे दिवस तेच असत.

आता जरा कांद्याकडे वळू. चाळीत कांदा सडतो हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही. १९५० मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर या अमेरिकी शास्त्रज्ञाने कांदा सडवणाऱ्या एका जंतूचं वर्णन केलं आणि कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला सेपॅशिया म्हटलं. आज त्याचं नाव बर्कहोल्डेरिया सेपॅशिया आहे. चांगली प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाला तो सहसा काही करत नाही. पण १९८४ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी कळवलं, की सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत हा जंतू वाढतो आहे. काहींना अचानक ताप येतो, न्यूमोनिया होतो आणि बऱ्यापैकी असलेला रुग्ण थोड्याच काळात दगावतो. बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यापुढे चालत नाहीत.

हा जंतू येतो कुठून, यावर बराच वाद झाला. प्रत्येक रुग्णाला तो माती-पाण्यातून वेगवेगळा मिळतो, असं मानणारे पुष्कळ होते. माझ्या मते त्यामागे थोडी इच्छाही असावी. शिबिरं बंद करा असं कोण आनंदाने म्हणेल? पण १९९३ मध्ये एडिंबरा आणि मँचेस्टरच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच वंशाचा जंतू रुग्णांमध्ये पसरत होता, आणि तोही दवाखान्याबाहेरच्या मैत्रीतून, सहवासातून. त्याच वर्षी अमेरिकेतल्या शिबिरांमधल्या लागणीचा अहवाल आला. शिबिरं बंद होऊ लागली. काही मुलांचे जिवलग मित्र एका निर्णयाने तुटले.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या डॉक्टरांनी स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूच्या रुग्णांना १९८१ पासूनच वेगळं ठेवायला सुरुवात केली होती. बाकीच्यांनी त्यांचं थोडं आधी ऐकायला हवं होतं.

अमेरिकेच्या २००३ च्या नियमांत दोन रुग्णांमध्ये तीन फुटांचं अंतर होतं, २०१३ मध्ये ते सहा फूट झालं. दवाखान्यात रुग्णाने मास्क लावायचा, हेही आलं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की खोकल्यातून उडालेला स्यूडोमोनास चार मीटरपर्यंत जातो आणि हवेत पाऊण तास जिवंत राहू शकतो. म्हणजे आधीचा रुग्ण खोलीतून गेला, एवढ्याने काम भागत नाही.

एक गैरसमज मात्र लगेच काढून टाका. ही शिवाशिव नव्हे. अंतर ठेवायचं ते याच आजाराच्या दुसऱ्या मुलापासून. शाळेतल्या निरोगी मित्रांना तुमच्या मुलाच्या या जंतूंपासून सहसा धोका नसतो. त्याला शाळेत पाठवा, खेळू द्या. सर्दी-तापाने आजारी असलेल्यांपासून तेवढं जपा आणि लसी चुकवू नका. ताटातला ताजा कांदाही बंद करायला नको, सडलेला मात्र मुलाच्या हाताशी ठेवू नका. नेब्युलायझर दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचा घेऊ नका. वापरून झाला की त्याचे भाग धुऊन, कंपनीच्या सूचनेप्रमाणे निर्जंतुक करून पूर्ण कोरडे करा, कारण ओलाव्यात हे जंतू तग धरतात.

आपल्याकडे हा आजार ‘गोऱ्यांचा’ समजून अनेकदा ओळखलाच जात नाही, क्षयाची औषधं चालू राहतात. ज्यांचं निदान झालंय त्यांची मुलंही ओपीडीच्या एकाच बाकावर दाटीने बसलेली असतात. तिथे सहा फूट कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. वेळ ठरवतानाच फोनवर आजाराचं नाव सांगा, याच आजाराचा दुसरा रुग्ण त्या वेळेला आहे का ते विचारा, आणि आत बोलावेपर्यंत मुलाला मास्क लावून बाहेर मोकळ्यावर थांबवा.