पुणे लोकसभा मतदारसंघ : शहर एक, खासदार तीन

पुणे : 'पुण्याचा खासदार' म्हटलं की गावाकडं बहुतेकांच्या डोळ्यांपुढं अख्खं पुणे शहर येतं. प्रत्यक्षात पुणे लोकसभा मतदारसंघात शहराचा मधला भागच आहे. वाघोलीत फ्लॅट घेतलेला पोरगा, धायरीत राहणारी लेक आणि कोथरूडला नोकरीला गेलेला पुतण्या असे तिघंही पुणे महापालिकेत कर भरतात, पण लोकसभेला तिघांचं मत तीन वेगळ्या मतदारसंघांत पडतं. वाघोलीचं शिरूरला, धायरीचं बारामतीला आणि कोथरूडचं पुण्याला. म्हणून शहराच्या मतदारसंघाची माहिती दौंड, इंदापूर, पुरंदर, भोर, मुळशी, खेड, शिरूरच्या लोकांनाही असायला पाहिजे.

सहा विधानसभा, एकही ग्रामीण नाही

पुणे लोकसभेत कसबा पेठ, कोथरूड, शिवाजीनगर, पर्वती, वडगाव शेरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. यातला कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. २०२४ च्या लोकसभेला एकूण मतदार २० लाख ६१ हजार होते. वडगाव शेरी सगळ्यात मोठा, साडेचार लाखांवर. त्याखालोखाल कोथरूड चार लाखांच्या पुढे. कसबा, शिवाजीनगर, कॅन्टोन्मेंट हे तीन जुने भाग प्रत्येकी पावणेतीन-तीन लाखांच्या आतले.

कसबा म्हणजे जुन्या पेठा. वाडे, गणपती मंडळं, मंडईचा व्यापार. कोथरूड म्हणजे सोसायट्या आणि नोकरदार, पण मुळशीतून येऊन वसलेली घरंही तिथं भरपूर. पर्वतीत एका अंगाला सहकारनगरचे बंगले आणि दुसऱ्या अंगाला डोंगरउतारावरची जनता वसाहत. कॅन्टोन्मेंटमध्ये कॅम्प, भवानी पेठ, कासेवाडी, घोरपडी. इथं दलित, मुस्लिम, ख्रिश्चन मतदान निर्णायक असतं. शिवाजीनगरमध्ये औंध, बोपोडी, खडकी. वडगाव शेरी म्हणजे नगर रस्ता: येरवडा, खराडी, धानोरी, लोहगाव. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी यातल्या बऱ्याच ठिकाणी ज्वारी-बाजरी होती, आता आयटी कंपन्यांच्या इमारती आहेत.

शहर वाढलं, हद्द तिथंच

आताची रचना २००८ च्या पुनर्रचनेतली आहे आणि ती २००१ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्याआधी पुणे लोकसभेत भवानी पेठ आणि बोपोडी असे विधानसभा मतदारसंघ होते, ते गेले. कोथरूड आणि वडगाव शेरी नवे आले. जिल्ह्यातला जुना खेड लोकसभा मतदारसंघ मोडून शिरूर आणि मावळ तयार झाले.

घोळ इथूनच सुरू होतो. शहराच्या कडेचे भाग पुणे लोकसभेत बसले नाहीत, ते आजूबाजूच्या मतदारसंघांना जोडले. खडकवासला बारामतीला गेला. हडपसर आणि भोसरी शिरूरला गेले. पिंपरी आणि चिंचवड मावळला, म्हणजे थेट कर्जत, उरण, पनवेलच्या पंगतीला. त्यानंतर २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली. महापालिकेची हद्द सुमारे ५१८ चौरस किलोमीटर झाली, पण मतदारसंघाची रेघ जागची हलली नाही. बावधन, सूस, म्हाळुंगे महापालिकेत आले तरी विधानसभेला भोर आणि लोकसभेला बारामती. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर महापालिकेत घेतली, परत बाहेर काढली, आता त्यांची वेगळी नगरपरिषद आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे त्यांच्या शिवारात पडला, पण मत त्यांनी कधी पुण्याच्या खासदाराला दिलं नाही. त्यांचा आमदार पुरंदरचा आणि खासदार बारामतीचा.

याचा परिणाम निकालात दिसतो. बारामती लोकसभेत २०२४ ला पावणेचोवीस लाखांच्या आसपास मतदार होते, त्यातले पाच लाखांहून जास्त एकट्या खडकवासल्यात. म्हणजे पाचातला एक मतदार शहरी. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वेळा सुप्रिया सुळे बारामतीतून निवडून आल्या आणि तिन्ही वेळा खडकवासल्यानं आघाडी समोरच्या उमेदवाराला दिली. २०२४ ला तर बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर हे पाचही भाग सुळेंच्या बाजूनं आणि खडकवासला एकटा सुनेत्रा पवारांच्या बाजूनं गेला. अजून तरी गावांची बेरीज जड ठरते. शहराकडचा आकडा मात्र दर निवडणुकीला वाढत चाललाय.

समाजवाद्यांचं पुणे, काँग्रेसचं पुणे

आज पुणे म्हटलं की भाजपचा गड असं बोललं जातं. जुना इतिहास पाहिला तर हे शहर कुणाच्याच दावणीला कायमचं बांधलेलं नव्हतं.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत पुण्याचे दोन मतदारसंघ होते. मध्य पुण्यातून काकासाहेब गाडगीळ आणि दक्षिण पुण्यातून इंदिरा मायदेव, दोघंही काँग्रेसचे. मायदेव यांच्यानंतर आजतागायत पुणे लोकसभेतून एकही महिला निवडून गेलेली नाही. शिक्षणाचं माहेरघर म्हणवणाऱ्या शहरासाठी ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

१९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. त्यात प्रजासमाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे निवडून आले. १९६२ ला काँग्रेसचे शंकरराव मोरे. हे मोरे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, नंतर काँग्रेसमध्ये गेलेले. निवडणुकीच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून निम्मं पुणे पाण्यात गेलं होतं, तरी मतदारांनी सत्ताधारी पक्षालाच निवडलं. १९६७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेते एस. एम. जोशी आले.

१९७१ ला मोहन धारिया काँग्रेसकडून जिंकले. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात ते राज्यमंत्री होते, पण जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत अशी भूमिका घेतल्यानं १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ ला जनता पक्षाकडून उभे राहिले आणि त्याच पुण्यानं त्यांना पुन्हा निवडून दिलं. एकाच माणसाला आधी काँग्रेसचा म्हणून आणि पुढच्याच वेळी काँग्रेसच्या विरोधातला म्हणून निवडून द्यायचं, हे पक्षापेक्षा माणूस पाहणाऱ्या मतदाराचं काम. मोरारजी देसाईंच्या सरकारात ते वाणिज्यमंत्री झाले. गावाकडं मात्र धारियांचं काम वेगळ्या कारणानं माहीत आहे. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून ओढ्याला आपण जो वनराई बंधारा घालतो, तो त्यांच्याच 'वनराई' संस्थेच्या नावानं ओळखला जातो.

१९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग तीन वेळा काकासाहेबांचे चिरंजीव विठ्ठलराव गाडगीळ खासदार झाले. १९९१ ला त्यांना हरवून अण्णा जोशी हे पुण्यातले भाजपचे पहिले खासदार ठरले.

कलमाडी आले, गेले, परत आले

१९९६ ला काँग्रेसच्या सुरेश कलमाडींनी भाजपच्या गिरीश बापटांना हरवलं. दोनच वर्षांनी कलमाडी काँग्रेसबाहेर पडून भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे राहिले. काँग्रेसनं हडपसरचे विठ्ठल तुपे यांना तिकीट दिलं आणि तुपे जिंकले. पण ती लोकसभा वर्षभरातच बरखास्त झाली. १९९९ ला राष्ट्रवादी वेगळी झाली, दोन्ही काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, मतं फुटली आणि भाजपचे प्रदीप रावत निवडून आले. दोन्ही काँग्रेस पुन्हा एकत्र आल्यावर २००४ ला काँग्रेसमध्ये परतलेले कलमाडी जिंकले. २००९ लाही तेच आले, पण त्या वेळी फरक फक्त २५,७०१ मतांचा होता. भाजपचे अनिल शिरोळे थोडक्यात हुकले. मनसेनं त्या निवडणुकीत पाऊण लाखाच्या आसपास मतं घेतली होती, हे विसरून चालणार नाही.

राष्ट्रकुल स्पर्धेच्या प्रकरणात कलमाडींना २०११ मध्ये अटक झाली, काँग्रेसनं त्यांना निलंबित केलं. पुढं २०२५ मध्ये ईडीचा तपास बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयानं स्वीकारला. पण तोवर पुण्यातली काँग्रेसची घडी विस्कटून गेली होती. २०१४ ला शिरोळेंनी विश्वजित कदम यांना ३ लाख १५ हजार मतांनी हरवलं. २०१९ ला पाच वेळा कसब्याचे आमदार राहिलेले बापट ३ लाख २४ हजारांनी जिंकले, समोर मोहन जोशी होते. त्या निवडणुकीत निम्म्या मतदारांनीही मतदान केलं नव्हतं. गावात सत्तर टक्क्यांच्या खाली मतदान गेलं तर चर्चा होते, शहरात पन्नास गाठलं तरी पुष्कळ झालं म्हणतात.

चौदा महिने खासदार नाही

२९ मार्च २०२३ ला बापटांचं निधन झालं. कायद्यानं जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला पाहिजे. मुदत संपायला एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर सूट आहे, पण इथं वर्षाहून जास्त काळ शिल्लक होता. तरी निवडणूक लागली नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीचं कारण निवडणूक आयोगानं पुढं केलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तातडीनं पोटनिवडणूक घ्या असा आदेश दिला, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. वीस लाख मतदारांना चौदा महिने खासदारच नव्हता. ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डाची जागा रिकामी झाली तरी पोटनिवडणूक लागते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गोम समजेल.

त्याच काळात मार्च २०२३ च्या कसबा पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपचा जुना बालेकिल्ला पाडला. त्या जोरावर काँग्रेसनं २०२४ ला त्यांनाच लोकसभेला उतरवलं. १३ मे २०२४ ला मतदान झालं. भाजपचे माजी महापौर मुरलीधर मोहोळ यांना ५,८४,७२८ आणि धंगेकरांना ४,६१,६९० मतं पडली, फरक १,२३,०३८. सर्वांत मोठी आघाडी कोथरूडनं मोहोळांना दिली. कॅन्टोन्मेंटनं धंगेकरांना साथ दिली, पण ज्या कसब्यानं त्यांना आमदार केलं तिथंच ते मागं पडले. नंतर धंगेकर शिंदेंच्या शिवसेनेत गेले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला सहापैकी पाच जागा भाजपनं घेतल्या, वडगाव शेरी शरद पवार गटाच्या बापूसाहेब पठारेंकडं गेली.

पाणी, विमानतळ आणि आपण

मोहोळ मूळचे मुळशी तालुक्यातल्या मुठ्याचे. निवडून आल्यावर ते केंद्रात सहकार आणि नागरी विमान वाहतूक या खात्यांचे राज्यमंत्री झाले. शहराचा खासदार, पण दोन्ही खाती गावाला लागणारी. सोसायट्या, साखर कारखाने सहकारात येतात. विमान वाहतुकीत पुरंदरचं विमानतळ येतं. त्यासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांच्या जमिनीचा प्रश्न आहे. या सातही गावांचं मत बारामती लोकसभेत आहे.

पाण्याचंही तसंच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. तेच पुण्याला पाजायचं आणि तेच नव्या मुठा उजव्या कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरला सोडायचं. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत आवर्तन किती दिवसांचं यावर ओढाताण होते. वडगाव शेरीकडच्या भागाला भामा-आसखेडचं पाणी जातं, ते धरण खेड तालुक्यात आणि खेड शिरूर लोकसभेत. पाणी पिणारा मतदार एका खासदाराचा, धरणात जमीन गेलेला दुसऱ्याचा.

पुढची पुनर्रचना घटनेनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. आता शहरात किती लोक धरले जातात आणि गावात किती, यावर जिल्ह्यातल्या जागा कुठं सरकतील हे अवलंबून राहील. हडपसर, खडकवासला, चिंचवड या भागांत आजच पाच लाखांच्या वर मतदार आहेत. आंबेगाव, जुन्नर, भोरसारख्या तालुक्यांच्या वाट्याला काय उरतं, हे त्या वेळी पाहावं लागेल. महिला आरक्षणाचा २०२३ चा कायदाही या पुनर्रचनेनंतरच लागू व्हायचा आहे.

जनगणनेला प्रगणक घरी येईल तेव्हा शहरात राहणाऱ्या पोरांची नोंद ते जिथं नेहमी राहतात तिथंच होईल, गावच्या घरात नाही. मतदार यादीचंही तसंच आहे. नाव दोन ठिकाणी ठेवणं गुन्हा आहे. जागा बदलली असेल तर फॉर्म ८ भरून नाव हलवता येतं, नवीन नाव लावायला फॉर्म ६ लागतो. आपलं नाव नेमकं कोणत्या विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघात आहे, हे १९५० या क्रमांकावर फोन करून विचारता येतं.