जीपची लवचीकता आणि तिच्या मर्यादा

वारज्याहून सिंहगड-पानशेतच्या कच्च्या वाटांकडे जीप नेणाऱ्यांना सस्पेन्शनची लवचीकता हवी असते. एक चाक खडकावर चढले तरी उरलेली तीन जमिनीला टेकून राहावीत, हा तिचा हेतू. महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपला पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. पाटे कमी केले, लांब शॅकल बसविले, की ॲक्सल अधिक झुकतो. मात्र शॉक ॲब्सॉर्बर आणि ब्रेकच्या रबरी नळ्याही त्याच प्रमाणात लांब हव्यात. अन्यथा चाक खाली लोंबताच नळी ताणून फाटते व ब्रेक निकामी होतो. पाटे कमी केल्यास भारक्षमता घटते. उंची वाढल्यास वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल कायद्याला मान्य नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्यामुळे पाना हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.