पाण्याखालची गावे आणि पाण्यावरची पाखरे

नाताळची धामधूम सरली की धर्मग्रामातील कुटुंबांची एक सहल काढावयाची, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. ह्या वर्षी मंडळींनी पाखरे पाहण्याचा हट्ट धरला. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे साडेतीन वाजता आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत पन्नासेक माणसे, चहाचे थर्मास आणि दोन दुर्बिणी घेऊन आमची बस पुण्याहून निघाली. शहर सोडताना मुळा-मुठेचा पूल लागला. एक बाई म्हणाल्या, "खिडक्या लावून घ्या, वास येतो." सर्वांनी खिडक्या लावल्या. ह्या साध्या वाक्याची आठवण आम्हांस संध्याकाळी पुन्हा होणार होती, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

सोलापूर रस्त्याने शंभरएक किलोमीटर गेल्यावर भिगवण येते. येथून इंदापूर तालुक्याची वेस लागते आणि डाव्या हाताला, ज्वारी-उसाच्या शेतांपलीकडे, पाणी दिसू लागते. समुद्रापासून इतक्या दूर, पर्जन्यछायेतल्या ह्या कोरड्या मुलखात, पलीकडचा काठ धुक्यात हरवावा एवढे पाणी पाहून मुलांनी "समुद्र, समुद्र" असा गलका केला. त्यांची चूक म्हणता येत नाही. उजनी धरणाचे हे फुगवट्याचे पाणी आहे. धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, परंतु त्याचे पाणी मागे पसरत इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत ह्या तालुक्यांच्या काठांना भिडले आहे. जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे.

कुंभारगावच्या काठावर होड्या तयार होत्या. सूर्य वर येऊ लागला तसे पाण्यावरचे धुके विरले आणि उथळ पाण्यात गुलाबी रेघ ओढावी तसे रोहित पक्षी दिसले. ह्यांनाच अग्निपंख म्हणतात. इंग्रजी फ्लेमिंगो हे नाव आता सर्वांच्या तोंडी बसले आहे. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळून खाणारा हा पक्षी कच्छच्या रणात वीण करतो आणि हिवाळ्यात येथवर येतो. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब होते, चक्रवाकांच्या जोड्या होत्या, तांबड्या लांब पायांचे शेकाट्ये होते, चमच्यासारख्या चोचीचे चमचे होते. संस्कृत काव्यात ज्याच्या विरहावर कवींनी इतके लिहिले, तो चक्रवाक प्रत्यक्षात पाहण्याचा योग आम्हांस वयाच्या पन्नाशीनंतर आला, हे कबूल करावयास संकोच वाटत नाही.

आमच्या होडीचा नावाडी साठीच्या पुढचा होता. पाखरांची नावे तो पुस्तकवाल्यांसारखी अचूक सांगत होता. मध्येच वल्हे थांबवून तो म्हणाला, "साहेब, आत्ता आपण आमच्या जुन्या रानावरनं चाललोय. हितं खाली विहीर हाय आमची. आज्यानं खणल्याली." होडीतली मुले वाकून पाण्यात पाहू लागली. पाणी गढूळ होते. काही दिसले नाही. परंतु त्या क्षणापासून आमच्या सहलीचा रंग पालटला. पाण्यावर काय आहे ते पाहावयास आम्ही आलो होतो. पाण्याखाली काय आहे, हे विचारल्याशिवाय आता परतता येणार नव्हते.

ते काय आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ह्या मुलखाचा इतिहास हा बहुतांशी दुष्काळाचा इतिहास आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खनचा हा पट्टा होरपळला, आणि त्यानंतर इंग्रज सरकारने भाटघरचे धरण व नीरेचा डावा कालवा बांधून बारामती-इंदापूरकडे पाणी आणले. बारामतीच्या उसाचे मूळ त्या कालव्यात आहे. परंतु भीमाकाठचा आणि सोलापूरकडचा प्रदेश तहानलेलाच राहिला. स्वातंत्र्यानंतर भीमेवर मोठे धरण बांधण्याचा निर्णय झाला. १९६० नंतरच्या दशकात काम सुरू झाले, मध्येच १९७२ चा दुष्काळ येऊन गेला, आणि १९८० साली धरण पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ अब्ज घनफुटांच्या आसपास, मृतसाठा आहे. वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात 'उजनी उणे' असे मथळे येतात, ते हा मृतसाठा उपसला जाऊ लागला म्हणजे. सोलापूर शहराचे पिणे, पंढरपूरच्या वारकऱ्यांचे स्नान आणि त्या जिल्ह्यातील उसाचे मळे ह्या पाण्यावर अवलंबून आहेत. धरण झाले हे वाईट झाले, असे म्हणण्याचा अधिकार नळाचे पाणी पिणाऱ्या आम्हांस नाही.

परंतु किंमत कोणी दिली, हे विचारण्याचा अधिकार आहे. भीमेच्या दोन्ही तीरांवरची काळी, सुपीक जमीन आणि तिच्यावरची गावेच्या गावे पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला स्वतंत्र कायदा १९७६ साली झाला. तोवर उजनीचे काम बरेच पुढे गेलेले होते. घरे हलली, देव हलले, शेजार मोडला. एका गावची माणसे दोन-तीन ठिकाणी विखुरली. ज्यांची जमीन काठावर उरली ते पाणी उपसून ऊसवाले झाले. ज्यांची बुडाली त्यांपैकी कित्येकांनी नांगर टाकून जाळे हाती घेतले. भिगवणचा मासळीबाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे, त्यामागे ही कथा आहे.

पाण्याने काय गिळले ह्याच्या दोन खुणा अजूनही सांगण्यासारख्या आहेत. पहिली डिकसळची. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली १८५३ साली. त्यानंतर अवघ्या साडेपाच वर्षांत, १८५८ च्या अखेरीस, पुण्याहून डिकसळपर्यंत आगगाडी धावू लागली. पुढे वर्षभरात लोहमार्ग बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, गेला. मधल्या काळात भीमेकाठचे हे लहानसे गाव लोहमार्गाचे शेवटचे टोक होते. पूर्वेकडे जाणारा माल येथे उतरावा आणि बैलगाड्यांवर चढावा, असे दिवस त्याने पाहिले. धरणाचे पाणी चढले तेव्हा लोहमार्ग दूर सरकवावा लागला. नदीवरचा जुना पूल मात्र मागे राहिला आणि इंदापूर व करमाळा ह्या दोन तालुक्यांमधल्या वाहतुकीच्या कामी आला.

दुसरी खूण पळसदेवची. येथील पळसनाथाचे दगडी मंदिर मध्ययुगीन यादवकालीन शैलीचे, कोरीव खांबांचे. गाव उठून महामार्गालगत आले. देऊळ पाण्यात राहिले. एरवी त्याचे शिखर तेवढे दिसते किंवा तेही दिसत नाही. पाऊस दगा देतो आणि जलाशय खाली जातो, तेव्हा देऊळ सबंध वर येते, अवतीभोवतीचे वीरगळ उघडे पडतात आणि लोक चिखल तुडवीत दर्शनास जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. ज्या वर्षी पिके जळतात त्या वर्षी गावाला आपले जुने देऊळ परत भेटते, ही गोष्ट ऐकून आमच्या मंडळींपैकी कोणीच काही बोलले नाही.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ रोजी, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पूर्वी जेथे नदीचे पात्र होते, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येत होते, तेथे आता सागर आहे. आणि पलीकडच्या नात्यागोत्यांस भेटावयाचे तर एक तर दूरचा वळसा, नाही तर बोट. आम्ही हौसेने ज्या पाण्यावर फिरलो, ते काठच्या माणसांचा रोजचा रस्ता आहे.

दुपारी इंदापूर गाठले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील लढाईत पडले. त्यांची गढी गावात आहे. आमच्या मुलांना मात्र गढीपेक्षा तेथल्या चिंचेच्या झाडांचे कौतुक वाटले, कारण जुन्या कचेरीच्या आवारातील ह्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात, असे आम्ही त्यांना सांगितले होते. पांढऱ्या अंगावर काळी नक्षी आणि शेपटीजवळ गुलाबी छटा असलेला हा मोठा पक्षी. अशा वसाहतीस मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या अरण्यलेखकांनी मराठीत 'सारंगागार' हा सुंदर शब्द रुजविला. चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि २०२५ साली सोलापुरातच निवर्तले. हा सारा मुलूख त्यांच्या शेजारचा. चित्रबलाकांस गर्दीची, कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची भीती वाटत नाही. झाड उभे राहू द्यावे, एवढीच त्यांची मागणी.

परतताना बारामतीस थांबलो. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. ह्या सावकार घराण्याच्या आश्रयाने पन्हाळगडावर जन्मलेले मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीकर झाले आणि येथेच त्यांनी आर्या वृत्तात सबंध महाभारत रचले. मोरोपंत म्हणजे मयूर. म्हणूनच त्यांनी आपल्या ईश्वरविनवणीस 'केकावली' हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो. शाळेत आम्ही हे नाव पाठ केले होते, अर्थ मात्र त्या दिवशी समजला. मोराचा स्वर गोड नाही, हे पंतांस ठाऊक होते. परंतु तहानलेला मोर ढगास हाक मारतो ती गोड लागावी म्हणून नव्हे. अवर्षणाच्या ह्या मुलखात राहिलेल्या कवीस ते नाव सुचले, ह्यात आश्चर्य नाही.

अंधार पडता पडता पुण्याच्या वेशीवर आलो. पुन्हा मुळा-मुठेचा पूल, पुन्हा वास, पुन्हा खिडक्यांकडे गेलेले हात. तेव्हा मागच्या बाकावरील आठवीतल्या एका मुलीने विचारले, "फादर, ही नदी पुढे कुठे जाते?" उत्तर देणे भाग होते. मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते आणि भीमा उजनीत थांबते. आपल्या मोऱ्यांचे, न्हाणीघरांचे, कारखान्यांचे पाणी, त्यांतले बरेचसे पुरते शुद्ध न होताच, त्या जलाशयात साचते. त्याने शेवाळ माजते आणि पाणी हिरवे होते. ते नावाड्याच्या विहिरीवर साचते, चक्रवाकाच्या पायांशी साचते, सोलापूरच्या नळापर्यंत जाते. सकाळी ज्या पाण्याचे आम्ही फोटो काढले, त्याचाच वास येतो म्हणून पहाटे आम्ही खिडक्या लावल्या होत्या.

प्रभूने आपल्या श्रोत्यांस आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगितले होते. तेवढे आम्ही केले. परंतु उजनीच्या काठी पाखरांकडे पाहिले की नजर खाली पाण्याकडे जाते, पाण्यातून गाळाकडे, गाळातून विहिरीकडे, आणि अखेरीस आपल्या स्वतःच्या घराच्या मोरीकडे. दुष्काळी मुलखासाठी भीमाकाठच्या लोकांनी आपली रानेवने, देवळे, गावे दिली. त्या त्यागातून हा सागर झाला आणि न बोलावता दूरदेशीची पाखरे आली. आम्ही शहरवासीयांनी त्यात काय घातले, ह्याचा हिशेब आम्हांस द्यावयाचा आहे.

पुढच्या रविवारी धर्मग्रामाच्या सभेत सहलीचा जमाखर्च मांडला गेला. थोडी रक्कम शिल्लक होती. पुढच्या वर्षी कोठे जावयाचे, ह्यावर सूचना मागविल्या, तेव्हा त्याच मुलीने हात वर केला. तिची सूचना अशी होती की, पुढच्या वर्षी प्रथम मैलाशुद्धीकरण केंद्र पाहावे आणि मग भिगवण. मोठी माणसे हसली. आम्ही ती सूचना इतिवृत्तात नोंदवून घेतली आहे.